फुटाला एक सूत

दिवेलागणीच्या आधी येतात.
शिलाई मशीनच्या मागं दोन पोरं,
एकाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, दुसरं बोडकं.
बोलत नाहीत, काही मागत नाहीत.
पहिल्यांदा आली तेव्हा हे म्हणाले,
"कुणाची गं ही? पाणी तरी दे."
तांब्या घेऊन मी मशीनपर्यंत गेलो.
तिथं धुतलेली दुधाची पिशवी वाळत होती
आणि मुल्लाणी वहिनींचा अर्धा शिवलेला परकर.

जाऊबाई म्हणाल्या, जागेचा दोष आहे, नारळ फोडा.
थोरली इचलकरंजीहून फोनवर रडली,
बाबांना वेड लागलं का गं?
राजारामपुरीत, नवव्या गल्लीत,
नर्सनं हाक मारली, "केरबा सुतार कोण?"
ह्यांनी हात वर केला.
तोच, हलणारा.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भीती वाटते का?
"भ्या कसलं? पोरं हैत."
खरंच असतात का तिथं?
"न्हाईत. मला कळतंय की न्हाईत. दिसत्यात."
बाईंनी पेन खाली ठेवलं.
माझ्याकडं नाही, ह्यांच्याकडंच बघून सांगितलं,
कंपवातात होतं असं, बऱ्याच जणांना,
आणि हात सोडवणारी गोळीच
कधी कधी दार उघडं ठेवते.

गोळी अर्ध्यावर आणली.
आठवड्यात पोरं गेली.
मागोमाग ह्यांचा डावा पाय गेला, मग आवाज,
मग तोंडावरचं हसू, जे मुळातच बेताचं.
सदऱ्याच्या एका बटणात
टीव्हीवरच्या बातम्या संपायच्या.
एकदा मोरीच्या उंबऱ्याशी पाय फरशीला चिकटले
ते सुटेचनात.
मी माझा शिवणाचा खडू आणला,
वीत-वीत सोडून फरशीवर रेघा ओढल्या.
रेघ दिसली की पाऊल उचलतं.
कसं, ते मला विचारू नका.
एकेक रेघ ओलांडत हे आंघोळीला गेले
आणि मागं टॉवेल घेऊन मी.

भिंतीवर ह्यांची पितळी पट्टी आहे.
उद्यमनगरात एक्केचाळीस वर्षं लाकडाचे साचे केले,
पंपाचे, ऑइल इंजिनाच्या चाकाचे.
लग्नाच्या पहिल्या वर्षी
मी ती पट्टी लावून स्वतःचा झंपर बेतला,
छातीला तीन सूत ढगळ झाला.
लई हसले होते.
"अगं, खोटी पट्टी हाय ती. साच्याची.
फुटाला एक सूत जास्ती.
लोखंड थंड होताना आकसतंय,
म्हणून आधीच जरा वाढवून धरायचं.
न्हाई धरलं तर..."
आणि दोन बोटांचा चिमटा करून
त्यातली फट मला दाखवली होती.
एवढीशी. बराच वेळ.
बोटं जागची हलली नव्हती.

मीच बाईंना फोन केला.
गोळी आता पाऊणवर आहे.
पोरं येतात, रोज नाही.
परवा एक कुत्रं पण आलं, ओलं,
पंचगंगेतनं निघून थेट आमच्यात आल्यासारखं.
दिव्याचं बटण दाबलं की जातात सगळी.
मी बटणापाशी जातो आणि विचारतो,
"लावू का?"
"थांब जरा."
मग मी पण बसतो.
मशीनकडं बघतो. परकर दिसतो.
काल विचारलं, "धाकटं केवढं आहे?"
ह्यांनी जमिनीपासून वर हात धरून दाखवलं.
हात हलतो,
त्यामुळं पोर सारखं वाढतं,
लहान होतं,
वाढतं.